सात बेचाळीसची बस

"काका, तुम्ही शेवटचे कधी हसलात?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि लॉण्ड्रीच्या काउंटरमागे उभी असलेली भोंगा स्वतःच दचकली. पैजच तशी लागली होती. शनिवारी दुपारी सकाळच्या सात बेचाळीसच्या बसचे ड्रायव्हरकाका गणवेश धुवायला टाकायला आले की त्यांना हे विचारायचं, नाहीतर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची. पैज लावणाऱ्या दोघी मैत्रिणी, चष्मिस आणि लांबडी, समोरच्या चपलांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. आव चपला बघण्याचा होता, पण लांबून बघणाऱ्यालाही चष्मिसचे गदगदणारे खांदे दिसले असते.

ड्रायव्हरकाका हसले नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पण ते रागावलेही नाहीत, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. रागावले असते तर विषय संपला असता. त्यांनी पावती हातात घेतली, तिची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि म्हणाले, "उद्या सांगतो."

रविवारी संध्याकाळी ते कपडे न्यायला आले. गणवेशाची पिशवी काखेत मारली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"काल तू विचारलंस ना," ते म्हणाले, "मी विचार केला. जेवताना घरच्यांनाही विचारलं. कुणालाच आठवत नाही."

आणि गेले.

भोंगाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आता, तोंड उघडं राहून त्यातून आवाज न येणं ही भोंगाच्या बाबतीत बातमी होती. वर्षभरापूर्वीची गोष्ट असती तर कुणाला काही वाटलं नसतं. तेव्हा ती वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की बाई म्हणायच्या, "आता तेच आम्हालाही ऐकू दे." मग एके दिवशी शाळेत सकाळच्या सूचना वाचणाऱ्या ताईचा घसा बसला, बाईंनी समोर दिसली तिला माइकसमोर उभं केलं, आणि ती समोर दिसलेली ही होती. घाबरून तिने एवढ्या जोरात वाचलं की शाळेबाहेरचा रिक्षावालासुद्धा सावरून बसला. त्या दिवसापासून सूचना तिच्या आणि नावही तिचं. भोंगा. तिला ते नाव भारी आवडायचं. वर्षानुवर्षं गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला अचानक पोहता यावं आणि मग त्याने दिसेल त्या पाण्यात उडी मारावी, तसं तिचं चाललं होतं.

पण या पाण्याचा तळ काही लागेना. आपण गंमत केली होती. मग ती गंमत अशी घशात का अडकलीय? एका माणसाच्या घरात सगळे जेवायला बसलेत आणि हा कधी हसला होता ते आठवून बघतायत, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सोमवारी सकाळच्या सूचनांत तिनेच माइकवर वाचलं होतं, की या महिन्यात प्रत्येकाने आपल्या आसपास एक छोटासा चांगला बदल करायचा. वाचताना तिने ते नेहमीसारखं ठणकावून वाचलं, कारण वाचायचं होतं म्हणून. आता मात्र तिला वाटलं, की हा बदल आपल्या दुकानात दर शनिवारी आपल्या पायांनी चालत येतोय.

लॉण्ड्रीत तिच्याकडे एकच काम होतं. इस्त्री झालेले कपडे पिशवीत भरायचे आणि पिशवीवर नंबर लावायचा. धुणं आणि इस्त्री बाबांकडे, तर उसवलेली शिवण, तुटलेली बटणं आईकडे. आणि खिसे? खिसे फक्त बाबांकडे. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी बाबा त्याचा प्रत्येक खिसा उलटा करायचे आणि त्यात जे काही सापडेल ते कागदी पाकिटात घालून, पाकिटावर गिऱ्हाइकाचा नंबर टाकून कपड्यांसोबत परत द्यायचे. जुनं तिकीट, सुतळीचा तुकडा, किल्ली, गोळीचा कागद, काहीही असो. कागद असेल तर तो उलगडायचा नाही. एकदा तर त्यांनी अर्धी चघळलेली दातकोरणी पाकिटात घालून परत दिली होती, आणि आई ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

बाबा मात्र त्यात गंमत मानायला तयार नसत. ते म्हणत, "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा परवाना आपल्याला मिळालाय. खिशातून निघालेलं परत जाईल. आपलं काही खिशात जाणार नाही."

पुढच्या रविवारी दुपारी नेमकं तेच झालं. आपलं काही खिशात गेलं.

चिठ्ठीचे मसुदे तिघींनी मिळून केले होते. लांबडीचा मसुदा होता, 'हसा, हसण्याला तिकीट लागत नाही.' तो चष्मिसने हाणून पाडला. चष्मिसचा स्वतःचा मसुदा दीड पान झाला होता आणि त्यात 'आयुष्य' हा शब्द सहा वेळा आला होता. शेवटी भोंगाने स्वतःच लिहिलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळी अक्षरं सुटी सुटी आणि ताठ काढून:

'तुमची बस वेळेवर सुटते म्हणून आमचा दिवस वेळेवर सुरू होतो. पण धावत येणाऱ्यासाठी जरा थांबलात, तर त्याचाही होईल. आणि तुम्हालाही बरं वाटेल.'

चार घड्या. गणवेशाच्या शर्टाचा वरचा खिसा. वरून इस्त्रीचा हात फिरवल्यासारखा तळवा फिरवला. बाबा मागे मशीनशी होते, आई बटणांच्या डब्यात एक विशिष्ट तपकिरी बटण शोधत होती. कुणाला काही कळलं नाही.

सोमवारी सकाळी तिघी पहिल्या थांब्यावर बसमध्ये बसल्या. बस तिथूनच सुटायची. थांब्याला लागून एक बोळ होता, आणि त्या बोळातून रोज सातआठ बायका धावत यायच्या. रोज त्यांच्यातल्या एकदोघींना बस मिळायची, बाकीच्या हात खाली सोडून उभ्या राहायच्या. सात बेचाळीस झाले. दाराचा फुस्स आवाज झाला. बोळातून एक जाडजूड बाई पदर खोचून, अंबाडा अर्धा सुटलेला, अशी धावत येताना दिसली.

दार बंद होता होता थांबलं. मग उघडलं.

ती बाई चढली, दांडीला धरून धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "देव भलं करो रे बाबा तुझं." ड्रायव्हरकाकांची मिशी डावीकडून किंचित वर गेली.

ते हसू होतं की दाढदुखी, यावर तिघींचा शाळेपर्यंत वाद झाला. चष्मिस दाढेच्या बाजूने होती. पण भोंगाने त्या दिवशी सूचना अशा वाचल्या, की मुख्याध्यापकांनी माइक थोडा लांब ठेवायला सांगितलं.

पहिला आठवडा असाच गेला. दुसऱ्याही आठवड्यात ते थांबले. आधी अर्धं मिनिट, मग मिनिट, मग दीड. आणि शुक्रवारी ते खरंच हसले. त्या जाड बाईने चढताना काहीतरी म्हटलं, आणि काकांनी दातांसकट हसून तिला काहीतरी उत्तर दिलं. या वेळी चष्मिसनेही मान्य केलं, की दाढदुखीत इतके दात दिसत नाहीत. भोंगाला वाटलं, जमलं. जग बदलणं म्हणजे काय एवढं अवघड नसतं. चार ओळी आणि एक खिसा, बास.

तिसऱ्या आठवड्यात बस कधी तीन मिनिटं उशिरा सुटायला लागली, तर कधी चार.

पुढच्या सीटवर एक नर्सताई बसायची. ती आधी नुसती घड्याळाकडे बघायची. मग घड्याळाकडे आणि बोळाकडे बघायला लागली. बुधवारी ती शेजारी उभ्या असलेल्या भोंगाला म्हणाली, "तुम्ही शाळेच्या मुली, तुम्हाला काय, फार तर बाई ओरडतील. मी पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या मुलीला वॉर्ड सोडता येत नाही. तिचं तान्हं घरी शेजारणीकडे असतं. हा माणूस आधी किती शहाणा होता गं. काय भूत शिरलंय कुणास ठाऊक."

भूत दांडीला धरून उभं होतं. त्याचे कान तापले होते.

आता हे काय झालं? ती जाड बाई चढली हे चांगलं, यात शंकाच नाही. पण ती चढली म्हणून तिकडे कुठल्या तरी वॉर्डात एक मुलगी दाराकडे डोळे लावून उभी आहे, आणि तिचं बाळ शेजारणीच्या कडेवर रडतंय. म्हणजे चांगलं झालं की वाईट? का दोन्ही? दोन्ही असेल तर वजा करून उरतं काय? भोंगाने लांबडीला विचारलं. लांबडी म्हणाली, चांगलंच आहे, आपण पुण्य केलंय. चष्मिसला विचारलं, तर ती म्हणाली, मी दीड पान लिहिलं होतं ते घातलं असतं तर काकांनी वाचलंच नसतं आणि हे काही झालंच नसतं. मग तिने आरशातल्या स्वतःला विचारलं, आणि आरशातली ती हिच्याकडेच उत्तर मागितल्यासारखी बघत राहिली.

गुरुवारी तिघी शाळेत पोचल्या तेव्हा फाटक बंद होतं. आतून सूचना ऐकू येत होत्या. दुसऱ्याच वर्गातली कुणीतरी मुलगी नाकातून वाचत होती. भोंगा फाटकाच्या गजांना धरून शेवटच्या सूचनेपर्यंत ऐकत उभी राहिली. महिन्याचा छोटासा चांगला बदल, कुणीकुणी केला, वर्गशिक्षिकांकडे लिहून द्यावा.

रविवारी संध्याकाळी ड्रायव्हरकाका दुकानात आले. गणवेश तयार होता. त्यांनी पिशवी घेतली, पिशवीला टाचलेलं पाकीट काढलं, खिशातून तसलीच आणखी दोन पाकिटं काढली आणि तिन्ही काउंटरवर ओळीने मांडली.

"दादा," ते बाबांना म्हणाले, "एक विचारायचंय. राग मानू नका."

काउंटरमागे पिशव्या भरत असलेली भोंगा होती तिथेच थिजली.

काकांनी जे सांगितलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना खिशात एक चिठ्ठी सापडली. त्यांना वाटलं, बसमधल्या कुणीतरी गर्दीत सरकवली असेल. वाचली, परत खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच ते खिसा रिकामा करायला विसरले. गणवेश धुवायला दिला, आणि परत घेतला तर तीच चिठ्ठी पाकिटात, वर त्यांचा नंबर घातलेला. नीट टाचलेली. मग त्यांना वाटलं, ही काही साधी चिठ्ठी दिसत नाही. कुणीतरी बजावतंय. म्हणून ती त्यांनी मुद्दाम खिशातच ठेवली आणि पुढच्या आठवड्यात आणखी जरा जास्त थांबले. पुन्हा पाकीट आलं. आणखी जास्त थांबले. आज तिसरं.

"बावीस वर्षांत माझ्या खिशातून तुमच्याकडे कधी काही आलं नव्हतं," काका म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीच सांगताय. वयाने, मानाने मोठे आहात. तुमचं ऐकलं."

बाबांनी एक पाकीट उचलून त्यावरचा नंबर वाचला. मग त्यांनी पाकिटाची पद्धत समजावून सांगितली, दातकोरणीच्या गोष्टीसकट. आतून आईने हुंकार भरला. चिठ्ठी आपण कधी वाचलीच नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे पाकीट तुमचं," काका म्हणाले, "पण चिठ्ठी तुमची नाही."

"नाही हो. आमच्या दुकानातून खिशात काही जात नाही. हे दुकान उघडल्या दिवसापासून गेलं नाही. तुम्हाला शब्द देतो."

भोंगाच्या हातातल्या पिशवीचा कागद चुरचुरला. आता बोल, असं तिने स्वतःला बजावलं. वर्षभरात जेवढा आवाज साठला होता त्यातला चमचाभर काढ. पण तिने हातातल्या पिशवीवर नंबर लावला आणि दुसरी पिशवी ओढली.

बाबांनी विचारलं, पण झालं काय एवढं? आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. शेवटच्या थांब्यावर बस पोचल्याची वेळ लिहिली जाते. उशिराचे दोन पिवळे मेमो काकांना मिळाले होते. मंगळवारी सकाळी दहाला डेपोच्या साहेबांनी बोलावलं होतं. तिसरा मेमो हातात पडला तर सात बेचाळीस त्यांच्याकडून जाणार, आणि ते दिवसभर डेपोच्या आवारात बसगाड्या पुढेमागे लावत बसणार. साहेब विचारणार, बावीस वर्षं घड्याळ लावावं असं चालवलंत, आताच काय झालं? आणि त्यावर काय सांगायचं? धोब्याच्या पाकिटातून निरोप येतो म्हणून थांबतो?

"लोक काय म्हणतील ते म्हणोत," काका म्हणाले. "पण खरं सांगू का दादा, थांबल्यावर ते माणूस चढतं ना, तेव्हा बरं वाटतं. चिठ्ठीत तसंच लिहिलंय. आणि मग मागे बघावं, तर नर्सबाई घड्याळ दाखवतात. माझी नुसती मती गुंग झालीय." मग त्यांची नजर भोंगावर गेली. "तू रोज बसमध्ये असतेस. हसायचं विचारलंस ते तूच. आता मी तुला विचारतो. थांबू का नको?"

प्रश्न एवढा सरळ होता, की त्याच्या आडोशाला लपायला जागाच नव्हती.

"मला माहीत नाही, काका," भोंगा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की काकांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

ते गेल्यावर बाबांनी काउंटरवरची तिन्ही पाकिटांची जागा फडक्याने पुसली. पाकिटं काका घेऊन गेले होते. "बरोबर वाटत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "शब्द तर दिला. पण आत कुठेतरी काहीतरी टोचतंय."

सोमवारी सकाळी भोंगा नेहमीपेक्षा अर्धा तास आधी घरातून निघाली. काय करायचंय ते तिलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठरवलं होतं, की थांबायचं की नाही हे आज थांब्यावरून नाही, बोळातून बघायचं. त्या बायका रोज येतात कुठून, हा प्रश्न एवढे दिवस रोज डोळ्यांसमोर धावत असूनही तिच्या डोक्यात आला नव्हता.

बोळाच्या टोकाला बिस्किटांचा कारखाना होता. सगळ्या बोळाला भाजलेल्या पिठाचा वास येत होता. सात चाळीसला कारखान्याचा भोंगा वाजला. हिने दप्तरातून वही काढून लिहिलं, ७:४०. फाटक उघडलं. पण बायका लगेच बाहेर येईनात. फाटकाशी एका टेबलावर प्रत्येकीची पिशवी उघडून बघायचं काम एकच रखवालदारीण करत होती, आणि ती ते अगदी मन लावून करत होती. पहिली बाई सुटली तेव्हा लिहिलं, ७:४१. तिसरी सुटली, ७:४२. जाड बाई पाचवी होती.

"पळ गं पोरी," ती भोंगाला बघून म्हणाली, जणू हीसुद्धा पाळी संपवून निघालीय. आणि भोंगा पळाली. पळावंच लागलं, तिचीही बस तीच होती.

बोळातून बाहेर आल्या तेव्हा बस उभी होती. दार उघडं होतं. दार बंद झालं. पुन्हा उघडलं. आरशात काकांचे डोळे दिसले, आणि भोंगाला अगदी स्पष्ट दिसलं, की ते तिच्याकडेच बघतायत. तिने हात वर केला, थांबा म्हणून की जा म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. दार बंद झालं. खिडकीतून चष्मिस आणि लांबडी तोंड वासून बघत होत्या, आणि त्यांना घेऊन बस निघून गेली.

सहा बायका आणि एक भोंगा, हात खाली सोडून उभ्या.

"घ्या," जाड बाई म्हणाली. "तीन आठवडे राजासारखा थांबला, आणि आज पुन्हा पहिले पाढे. आता वीस मिनिटं बसा."

दुसरी एक सडपातळ बाई फुटपाथच्या कठड्यावर टेकत म्हणाली, "चूक आपलीही आहेच की. थांबतोय म्हटल्यावर मी धावायचंच सोडलं होतं. गेल्या आठवड्यात तर वाटेत वेणी घालत आले."

यावर सगळ्या हसल्या. भोंगाच्या डोक्याचा मात्र पार भुगा झाला. म्हणजे काका थांबले म्हणून बायका हळू झाल्या, बायका हळू झाल्या म्हणून काका आणखी थांबले, आणि मध्ये दर आठवड्याला बाबा मान खाली घालून, न वाचता, तीच चिठ्ठी परत पाठवत होते. कुणीच काही वाईट केलं नव्हतं. मग एवढा विचका केला कुणी? बोट दाखवायला गेलं की ते फिरून स्वतःकडेच यायचं, आणि स्वतःकडे आलं तरी ती चिठ्ठी खोटी होती असं काही वाटेना.

तिने जाड बाईला विचारलं, कारखाना नेहमी सात चाळीसलाच सुटतो का? बाई म्हणाली, पूर्वी साडेसातला सुटायचा. दोन वर्षं झाली, दहा मिनिटं वाढवली. बसवाल्यांना कुणी सांगितलं का? बाईने तिच्याकडे असं बघितलं, जणू हिने ड्रायव्हरकाकांना विचारला तसाच काहीतरी अचाट प्रश्न विचारलाय. "कोण सांगणार? आम्ही नुसत्या धावतो."

भोंगाने तेही वहीत लिहिलं, पान फाडलं, घड्या घालून आपल्या गणवेशाच्या खिशात टाकलं. मग ती वीस मिनिटं त्या बायकांसोबत बसली, पुढच्या बसने शाळेत गेली आणि उशिराच्या वहीत सही केली. 'उशिराचं कारण' या रकान्यात काय लिहावं हे तिला सुचेना. शेवटी तिने लिहिलं, 'बस वेळेवर सुटली.' बाईंनी ते दोनदा वाचलं.

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा शेवटची चादर इस्त्री करत होते, आई खुर्चीत बसून कुणाच्या तरी कोटाला बटण लावत होती. भोंगाने शाळेचा गणवेश काढून घरचे कपडे घातले, गणवेश हातावर टाकून आली आणि काउंटरवर ठेवला.

"याला इस्त्री करून द्याल? कॉलर कडक हवी."

"आज सोमवार," आई दोरा दाताने तोडत म्हणाली. "तुझा धुतलेला जोड आत आहे की, कार्टे."

बाबांनी काही न विचारता गणवेश उचलला. सवयीने त्यांचा हात आधी खिशात गेला. घडी घातलेला कागद निघाला. त्यांनी तो उलगडला नाही, बाजूला ठेवला आणि खणातून पाकीट काढायला गेले.

"वाचा," भोंगा म्हणाली.

"कशाला? तुझा आहे."

"वाचा, बाबा. आणि मागची चिठ्ठीही माझीच होती. काकांच्या खिशातली. मी घातली होती."

इस्त्री चादरीवर टेकलेली होती. आईने उठून ती उचलली नसती तर चादरीचं काही खरं नव्हतं. बाबा खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं या महिन्यात तिला दुसऱ्यांदा वाटलं.

"मी शब्द दिला त्यांना," बाबा हळूच म्हणाले. "तुझ्यासमोर."

"हो."

"तू तिथे उभी होतीस. आणि तुला बोलता येतं."

"येतं. पण तेव्हा आलं नाही."

आई म्हणाली, "चांगल्यासाठीच केलं असेल तिने." बाबा म्हणाले, चांगल्यासाठी केलं की वाईटासाठी, याचा खिशाशी काय संबंध, खिसा आपला नव्हता. आई म्हणाली, पण तो माणूस हसायला लागला त्याचं काय? बाबा म्हणाले, आणि त्याची बस जाणार त्याचं काय? मग दोघांनीही भोंगाकडे बघितलं, जणू उत्तर तिच्याकडे आहे. तिच्याकडे फक्त तो कागद होता. बाबांनी अखेर तो उलगडला, लांब धरून वाचला: सात चाळीस, सात एकेचाळीस, सात बेचाळीस, रखवालदारीण एकच, दोन वर्षांपासून दहा मिनिटं उशिरा, कुणी सांगितलं नाही.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

भोंगा सरळ उभी राहिली. डोक्यात अजूनही गुंता होता, आणि तो सुटलाय असं ती अजिबात म्हणणार नव्हती. पण आवाज परत आला होता. माइकवरचा नव्हे, त्याहून खालच्या पट्टीतला, तिलाही नवीन.

"उद्या मी शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "दहा वाजता डेपोत जाणार आहे, काकांबरोबर. आधी काकांना सांगणार, की बाबांनी शब्द खरा समजून दिला होता, तो मी खोटा पाडला. मग साहेबांना सांगणार, की चिठ्ठी मी लिहिली, म्हणून काका थांबले, आणि हा कागद दाखवणार. बस थांबवायची की नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही, आणि साहेबांनी विचारलं तर तेही असंच सांगणार आहे. तुम्ही दोघांनी नाही म्हटलंत तरी जाणार. पण बाबा, तुम्ही सोबत आलात तर मला बरं वाटेल."